चोवीस शब्द सोबत न्यायचे की मागे ठेवायचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कोल्हापुरातल्या एका वाचकाने लिहिलं आहे. वय छत्तीस, शिवाजी उद्यमनगरात थोरल्या भावासोबत जॉबवर्कचं मशिन शॉप. २०२१ पासून थोडं थोडं करून त्यांनी बिटकॉइन आणि इथर ही क्रिप्टो नाणी घेतली. आधी ती एक्स्चेंजवरच, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारातल्या खात्यावरच होती, पण २०२४ मध्ये एका भारतीय एक्स्चेंजवर मोठी चोरी झाल्याची बातमी वाचून त्यांनी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे नाण्यांची गुप्त किल्ली जपणारं छोटं उपकरण, घेतलं आणि सगळं त्यात हलवलं. वॉलेट सुरू करताना मिळालेले रिकव्हरी फ्रेजचे चोवीस शब्द त्यांनी एका छोट्या डायरीत लिहून ठेवले आहेत. येत्या जूनमध्ये ते सहा महिन्यांसाठी जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत प्रशिक्षणाला निघाले आहेत. उजळाईवाडीहून मुंबई, तिथून रात्री फ्रँकफर्ट.

ते लिहितात, ‘डायरी घरी ठेवायचा धीर होत नाही. आमचं घर शाहूपुरीत सखल भागात आहे. २०१९ ला आणि २०२१ ला तळमजल्यावर पाणी आलं होतं, आणि मी जातोय तोही पावसाळ्यातच. एकत्र कुटुंब आहे. पत्नीला कॉइनचं काहीतरी आहे एवढंच माहीत आहे. भावाला कळलं तर घरात वेगळंच सुरू होईल. म्हणून सोबतच न्यावं म्हणतो. फोटो काढून क्लाउडवर ठेवू, की बारा शब्द हातातल्या बॅगेत आणि बारा मोठ्या बॅगेत टाकू, की पाठच करून टाकू? की डायरी पासपोर्टसोबत कमरेच्या पाऊचमध्ये ठेवू? विमानतळावर कुणी डायरी उघडून विचारलं तर काय सांगायचं?’

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पत्रात शब्द सोबत नेण्याच्या चार रीती आहेत. ते मागे ठेवून जायची एकही नाही. म्हणून आधी एक प्रश्न विचारते: जर्मनीतल्या सहा महिन्यांत हे शब्द तुम्हाला नेमके कशासाठी लागणार आहेत?

तुमची नाणी त्या उपकरणात नसतात. ती ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरवर असलेल्या सामायिक नोंदवहीत, नोंदलेली असतात. उपकरणात असते ती त्यांच्यावर सही करायची गुप्त किल्ली. काही पाठवायचं झालं तर उपकरण आणि त्याचा पिन पुरतो. शब्द लागतात ते उपकरण हरवलं, बिघडलं किंवा पुसलं गेलं तरच. तेव्हा नव्या उपकरणात ते भरले की सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार होतात. आणि ज्याच्या हाती हे शब्द पडतील त्याला तुमचं उपकरणही लागत नाही, पिनही लागत नाही. सातबारा हरवला तर तलाठ्याकडून पुन्हा काढता येतो. या शब्दांची दुसरी प्रत देणारं कार्यालय कुठंही नाही, आणि चोरलेलं परत मिळवून देणारंही नाही.

घेतल्यापासून तुम्ही काही विकलेलं नाही असं पत्रावरून दिसतं. प्रशिक्षणाच्या काळात विकायचा विचार असल्याचंही तुम्ही कुठं लिहिलेलं नाही. मग या सहा महिन्यांत शब्दांचं काम पडायची शक्यता जवळजवळ नाही, आणि प्रवासात ते हरवायची किंवा कुणाच्या नजरेस पडायची शक्यता मात्र रोजची आहे. मला तर वाटतं, उपकरणही न्यायची गरज नाही. शिल्लक बघायची असेल तर फोनवरच्या ॲपमध्ये फक्त पाहता येईल असं खातं ठेवता येतं. त्यात किल्ली नसते, त्यामुळे फोन गेला तरी पैसे जात नाहीत.

शब्द विमानात कसे न्यायचे, असं तुम्ही विचारलं आहे. पण पत्र वाचताना मला दिसलं ते हे, की घरात ते ठेवायला तुम्हाला जागा नाही आणि सांगायला माणूस नाही. या दोन्हींवर पुढे येते. त्याआधी तुमच्या चारही रीती बघू, कारण या सदराचे बरेच वाचक त्यांतलीच एखादी वापरत असणार.

फोटोची रीत सगळ्यांत वाईट. फोटो काढला की तो फोनमध्ये राहतो, क्लाउडवर जातो, जुन्या टॅबवर आपोआप उतरतो, आणि पुसला तरी काही दिवस कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडून असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाच्या घातक प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींच्या अधिकृत स्टोअरवरच्या काही ॲप्समध्ये तो सापडला होता. फोटो पाहायची परवानगी मिळाली की तो गॅलरीतल्या चित्रांतला मजकूर वाचायचा आणि नेमके रिकव्हरी फ्रेजचे फोटो शोधून बाहेर पाठवायचा. म्हणजे चोराला तुमचा फोन हातात घ्यावाही लागत नाही. स्वतःलाच केलेला व्हॉट्सॲप मेसेज, ईमेलचा ड्राफ्ट, ड्राइव्हवरची फाइल, फोनमधली नोट, हे सगळं याच रांगेतलं. हे शब्द कॅमेऱ्यासमोर येऊ नयेत आणि कीबोर्डवर टाइप होऊ नयेत. ते फक्त हार्डवेअर वॉलेटमध्येच भरायचे.

बारा-बारा शब्दांची विभागणी ऐकायला शहाणपणाची वाटते. चोवीस शब्दांतले बारा कुणाला मिळाले तर उरलेले बारा अंदाजाने शोधणं आजच्या कॉम्प्युटरला जमणारं नाही, हे खरं. पण चोरी टळली तरी हरवण्याची शक्यता दुप्पट होते. दोनपैकी कुठलीही एक बॅग गेली की तुमच्याकडेही अर्धेच शब्द उरतात, आणि अर्ध्यांचा उपयोग शून्य. ज्यांची फ्रेज बारा शब्दांची आहे त्यांनी तर ती सहा-सहा अशी कधीच विभागू नये. तिथे उरलेले सहा शब्द शोधून काढणं साधनं असलेल्या माणसाला अशक्य राहत नाही. चेक-इन केलेल्या बॅगेचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवल्यास भरपाईची कमाल मर्यादा माँट्रियल करारानुसार डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. मौल्यवान वस्तू आणि महत्त्वाची कागदपत्रं चेक-इन बॅगेत ठेवू नका, असं विमान कंपन्या आपल्या अटींतच सांगतात. तुमच्या शब्दांची किंमत तिथे कुणी धरणार नाही.

पाठांतराला माझा विरोध नाही, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. चोवीस असंबद्ध इंग्रजी शब्द, तेही अचूक क्रमाने, आज येतील. सहा महिने उजळणी झाली नाही, मध्ये आजारपण आलं, डोक्याला मार लागला, तर? आणि तुमच्या डोक्यातलं तुमच्या पत्नीला कसं मिळणार?

कमरेचं पाऊच या चारांत त्यातल्या त्यात बरं. पण क्रमांक घातलेले चोवीस इंग्रजी शब्द म्हणजे काय, हे आता पुष्कळांना ओळखता येतं. शब्द उलटे लिहायचे, मध्ये खोटे घालायचे, किराण्याच्या यादीत मिसळायचे, असल्या स्वतःच्या युक्त्याही करू नका. दोन-तीन वर्षांनी आपलीच युक्ती आपल्याला आठवत नाही, आणि घरच्यांना तर ती कधीच उलगडत नाही.

विमानतळावरच्या अधिकाऱ्यांची भीती मनातून बऱ्यापैकी काढून टाका. सुरक्षा तपासणीत शस्त्रं, स्फोटकं, द्रवपदार्थ, बॅटऱ्या बघतात. डायऱ्या वाचत बसत नाहीत. एक्स-रेने हार्डवेअर वॉलेटला काही होत नाही. ते नेणारच असाल आणि त्यात बॅटरी असेल, तर पॉवर बँकेसारखं तेही हातातल्या सामानातच ठेवा. भारतात क्रिप्टो बाळगणं गुन्हा नाही. क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देण्यावर रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. ज्यावर सरकार कर घेतं ते जवळ आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. तुमचं विवरणपत्र नीट भरलेलं असू द्या. जर्मनीतही ते बाळगणं कायदेशीर आहे. युरोपीय संघात शिरताना दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोकड असेल तर जाहीर करावी लागते, तो नियम रोकडीचा आहे. कुठल्याही अधिकाऱ्याने काही विचारलं तर खरं सांगा. मात्र काही देशांत सीमेवरचे अधिकारी फोन-लॅपटॉप तपासू शकतात, अमेरिकेतही, आणि क्रिप्टोबाबत प्रत्येक देशाचा कायदाही वेगळा. वाटेत विमान बदलणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. जवळ जितकं कमी, तितकी उत्तरं कमी द्यावी लागतात.

खरा धोका गर्दीत, घाईत आणि झोपेत असतो. तपासणीच्या ट्रेमध्ये पाऊच राहून जातं. रात्रीच्या विमानात ते सीटच्या खिशात जातं आणि उतरताना लक्षात राहत नाही. कोल्हापूरला येणारी विमानं बहुतेक छोटी असतात, त्यांचे वरचे कप्पे लहान. केबिन बॅग जरा मोठी असली की ती विमानाच्या दारातच घेऊन खाली ठेवतात. ‘हातातल्या बॅगेत आहे’ म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाची बॅग अशी आयत्या वेळी हातातून जाते.

आता घराकडे वळू.

पाण्याची तुमची काळजी रास्त आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. दोन्ही महापुरांत पाणी किती दिवस हललं नाही हे तुम्ही घरात बसून पाहिलं आहे. शाईने लिहिलेली डायरी त्यात टिकणार नाही. लॅमिनेशन करून ती गोदरेजच्या कपाटात ठेवली तरी कडेने ओल शिरतेच, आणि आगीपुढे तर लॅमिनेशनही कागदच. पण यावरचा इलाज उद्यमनगरातल्या माणसाला मी सांगावा हे नवलच आहे. शब्द स्टीलवर ठोका.

चांगल्या जाडीची ३०४ ग्रेडची स्टेनलेस पट्टी घ्या. ते स्टील साधारण चौदाशे अंश सेल्सिअसला वितळतं, घराच्या आगीत सहसा तेवढी उष्णता होत नाही. ॲल्युमिनियम घेऊ नका, ते ६६० अंशांनाच वितळतं. अक्षरांचा आणि आकड्यांचा पंच सेट तुमच्या शॉपमध्येच असेल. पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही. बहुतेक वॉलेट ज्या यादीतून शब्द काढतात ती बीआयपी-३९ ची यादी २,०४८ इंग्रजी शब्दांची आहे, आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखू यावा अशीच ती रचलेली आहे. म्हणजे जास्तीत जास्त ९६ अक्षरं, शिवाय प्रत्येकाआधी त्याचा क्रमांक. क्रम चुकला तर सगळं फुकट, म्हणून क्रमांक गाळू नका. तीन अक्षरांचा शब्द आला तर चौथ्या जागी आडवी रेघ मारा.

हे काम सुट्टीच्या दिवशी, एकट्याने, हातोडीनेच करा. तुमच्याकडे व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन असेल, त्यावर कोरून घ्यायचा मोह होईल. करू नका. मशिनवर कोरायचं म्हणजे शब्दांची फाइल होते. ती कॉम्प्युटरवर राहते, पेन ड्राइव्हवर राहते, कंट्रोलरच्या मेमरीत राहते. लेझर मार्किंगवाल्याकडे किंवा गुजरीत ओळखीच्या सोनाराकडे देणं तर नकोच. ते लोक प्रामाणिक असतील, तरी ज्याला हे शब्द दिसले त्याला ते कळले, आणि पुढे कधी काही झालं तर नाहक संशय त्यांच्यावर येईल. त्या वेळी आसपास फोन ठेवू नका, आणि शॉपमधला सीसीटीव्ही कुठल्या कोपऱ्याकडे बघतो ते आधी पाहून घ्या.

पट्टी तयार झाली की ती वाचून पारखायची. बऱ्याच हार्डवेअर वॉलेटमध्ये बॅकअप तपासायची सोय असते. शब्द उपकरणातच भरायचे, ते बरोबर की चूक एवढं सांगतं, नाण्यांना हात लागत नाही. शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांची पडताळणी दडलेली असते, त्यामुळे बहुतेक चुका तिथे पकडल्या जातात. डायरी न बघता, फक्त पट्टी वाचून हे करा. ‘तुमची फ्रेज तपासा’ म्हणणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर मात्र ती भरू नका, त्या चोरांनीच उघडलेल्या असतात. तपासणी बरोबर निघाली की डायरीचं ते पान जाळा, आणि त्याखालची दोन-चार पानंही. पेनाचा ठसा खालच्या पानांवर उमटलेला असतो.

पट्टी ठेवायला माझी पसंती बँकेच्या लॉकरला आहे. शाखा निवडताना एकच बघा, लॉकरची खोली तळघरात किंवा पूररेषेत नको. कुठल्या भागात पाणी येत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत ती जबाबदारी सहसा येत नाही. म्हणून भरवसा बँकेच्या भरपाईवर ठेवायचा नाही, स्टीलवर ठेवायचा. पाणी ओसरल्यावर चिखल धुतला की अक्षरं तिथेच असतात. लॉकर पत्नीसोबत संयुक्त नावाने घ्या आणि नॉमिनी नोंदवा.

दुसरी प्रत हवीच का? तुमच्याकडे उपकरण आणि पट्टी अशी दोन साधनं असतील. उपकरण लॉकरमध्ये ठेवू नका, म्हणजे एकाच घटनेत दोन्ही जाणार नाहीत. सहा महिन्यांसाठी एवढं पुरेसं आहे. शब्दांवर जादा पासफ्रेज, म्हणजे आपण स्वतः ठरवलेला आणखी एक गुप्त शब्द, लावावा का, असं विचारणारे असतात. तो ‘पंचविसावा शब्द’ ताकदवान आहे, पण त्यातलं एक अक्षर चुकलं तरी वॉलेट ‘चूक’ असं म्हणत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं, आणि माणूस पैसे गेले म्हणून हबकतो. अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर चालणारी तीनपैकी दोन वाट्यांची सोयही काही वॉलेट देतात. कुठलेही दोन वाटे जुळले की पुरतं, एका वाट्याने काहीच कळत नाही. विभागणी करायचीच असेल तर अशी करावी. पण त्यासाठी नवं वॉलेट उघडून नाणी हलवावी लागतात. निघायच्या धावपळीत तुम्ही यातलं काही करू नये असं मला कळकळीने वाटतं. परत आल्यावर निवांत करा.

आता माणसांचं. पाण्यापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटली.

तुमच्या पत्नीला ‘कॉइनचं काहीतरी’ एवढंच माहीत आहे. परदेशात तुमचं काही बरंवाईट झालं, तर बँकेतल्या ठेवी, विमा, गाळा, हे सगळं कागदोपत्री त्यांच्यापर्यंत पोचेल. ही नाणी पोचणार नाहीत. वारसा प्रमाणपत्र आणलं तरी ब्लॉकचेन ते वाचत नाही. न्यायालयाने आदेश दिला तरी किल्ली तयार होत नाही. तुम्ही चोरापासून इतकं जपता आहात, पण आज तुमच्या मुलाबाळांसाठी सगळ्यांत मोठा धोका तुमचं गप्प राहणं हाच आहे.

त्यांना चोवीस शब्द सांगायची गरज नाही. एवढं सांगा, की अशी मालमत्ता आहे, साधारण एवढी आहे, पट्टी अमक्या लॉकरमध्ये आहे, उपकरण घरात तमक्या जागी वरच्या मजल्यावर आहे. आणि एका कागदावर साध्या मराठीत लिहून तो लॉकरमध्येच ठेवा: हे काय आहे, कुठल्या प्रकारचं उपकरण विकत घ्यायचं, शब्द त्यात कसे भरायचे, कुणावर विश्वास ठेवायचा आणि कुणावर नाही. मृत्युपत्र केलं असेल तर त्यात या मालमत्तेचा उल्लेख करा, पण शब्द लिहू नका. मृत्युपत्र बऱ्याच हातांतून जातं.

त्या नाराज होतील, इतकी वर्षं का लपवलंत म्हणतील. ते ऐकून घ्या. फोनवरून फ्रँकफर्टहून सांगण्यापेक्षा निघण्याआधी समोर बसून सांगणं बरं.

भावाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, त्यामुळे मी तुमच्या घरात डोकावत नाही. पण स्वतःला एक विचारा. हे पैसे तुमच्या वाट्याच्या कमाईतले आहेत की शॉपच्या खात्यातून गेलेले? तुमच्या वाट्याचे असतील तर भावाला सांगायचं बंधन नाही, आणि न सांगण्यात खोटेपणाही नाही. त्यांत शॉपचे पैसे असतील, तर मात्र शब्द कुठं ठेवायचे याच्या आधी भावासोबत हिशेबाला बसावं लागेल. वॉलेट कितीही भक्कम असलं तरी तो प्रश्न तसाच राहतो.

घरच्यांना आणखी एक गोष्ट पक्की सांगून ठेवा. शब्द विचारणारा प्रत्येक माणूस चोर. कंपनी विचारत नाही, बँक विचारत नाही, पोलीस विचारत नाहीत. ‘तुमच्या मिस्टरांचं वॉलेट जर्मनीत ब्लॉक झालंय’ असा फोन आला तर ठेवून द्यायचा. ही नुसती कल्पना नव्हे. लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर डिसेंबर २०२० मध्ये इंटरनेटवर फुटले, आणि त्यानंतर काहींच्या घरी कंपनीच्या नावाने बनावट उपकरणंही पोस्टाने आली. तुमच्या गैरहजेरीत कुरिअरने ‘बदली वॉलेट’ आलं, तर ते वापरायचं नाही.

आता ज्यांना जावंच लागणार आहे आणि परत यायचंच नाही, त्यांच्यासाठी. शिकायला किंवा कायमचे परदेशी निघालेले वाचकही हेच विचारतात. त्यांनीही शब्द विमानात नेऊ नयेत, आणि त्यासाठी सोपी वाट आहे. पिन लावलेलं उपकरण सोबत न्या, शब्दांची पट्टी इथेच ठेवा. तिकडे स्थिरावल्यावर दुसरं उपकरण थेट उत्पादक कंपनीकडून घ्या, सेकंडहँड नको. त्यात नवे शब्द तयार करा, तिथेच लिहा, तिथेच जपा. मग जुन्या वॉलेटमधून नव्याच्या पत्त्यावर आधी थोडी रक्कम पाठवून बघा, पोचली की बाकीची. जुनं वॉलेट रिकामं झालं की इथल्या पट्टीला किंमत उरत नाही. नाणी नव्या देशात वापरायला मिळाली आणि शब्दांनी प्रवासच केला नाही. वाटेत उपकरण चोरीला गेलं तर? चुकीचा पिन ठरावीक वेळा टाकला की ते स्वतःला पुसून टाकतं. काहींत ही मर्यादा तीन प्रयत्नांची आहे, काहींत सोळा. पिन म्हणून जन्मसाल ठेवू नका.

प्रवासात खर्चापुरतं काही लागणार असेल तर वेगळं छोटं वॉलेट उघडा, त्याचे शब्द वेगळे, रक्कम हरवली तरी सोसेल एवढीच. मूळ वॉलेटचा त्याच्याशी संबंध नको.

आणि एवढं सगळं ऐकूनही एखाद्याला शब्द न्यावेच लागले, तर ते कागदावर, अपारदर्शक पाकिटात, चिकटवलेल्या कडेवर स्वतःची सही करून, अंगावरच्या पाऊचमध्ये ठेवा. उपकरण दुसरीकडे. स्टीलची पट्टी विमानात नको. एक्स-रेमध्ये जाड धातूचा तुकडा दिसला की बॅग उघडायला लावतात, आणि मग ती सगळ्यांसमोर हातात घेतली जाते. पोचल्यावर पाकीट तपासा. कड उचकटलेली दिसली तर शब्द फुटले असं धरून त्याच दिवशी सगळं नव्या वॉलेटमध्ये हलवा. नुसता पिन बदलून काही होत नाही, पिन उपकरणाचा असतो, शब्दांचा नाही.

तुमच्या निघण्याबद्दल एक बारीक गोष्ट राहिली. जर्मनीत गेल्यावर तिथलं सिम घ्याल. एक्स्चेंजचं आणि बँकेचं ओटीपी मात्र इथल्या नंबरवर येतं. तो नंबर रोमिंगवर चालू राहील अशी सोय जाण्याआधी करा, आणि ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड तयार करणारं) ॲप वापरत असाल तर त्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून लॉकरमध्येच ठेवा.

माझ्या सल्ल्यानंतरही उपकरण सोबत न्यायचं ठरवलंत आणि ते तिकडे हरवलं किंवा बंद पडलं, तर घाबरून पत्नीला फोन करून ‘लॉकरमधून पट्टी काढ आणि शब्द वाचून दाखव’ किंवा ‘फोटो पाठव’ असं सांगू नका. नाणी कुठं जात नाहीत. डिसेंबरात परत आलात की नवं उपकरण घ्या, पट्टी काढा आणि घरी बसून शब्द भरा.